गोमाशीचे डोळे फोटोत काळे का येतात? पुण्यातल्या परसातलं निरीक्षण आणि छायाचित्रण

प्रश्न थोडक्यात असा आहे: धायरीच्या पुढे बंगला, मागे परसबाग, कुंपणापलीकडे म्हशींचा गोठा. पावसाळा लागला की हिरव्या डोळ्यांच्या मोठ्या माश्या भिंतीवर आणि गाडीच्या बॉनेटवर बसतात. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, ५५-२५०ची लेन्स आणि एक बरा मोबाइल हाताशी आहे. पण जवळ गेलं की माशी उडते आणि जे फोटो मिळतात त्यांत डोळे काळे, मधोमध एक पांढरा ठिपका. महागडी मॅक्रो लेन्स घ्यावी का?

एवढ्यात नको. दोन्ही अडचणी माशीच्या डोळ्याशी येऊन थांबतात आणि लेन्स बदलून त्यातली एकही सुटत नाही.

आधी माशी गोमाशीच (गुराढोरांना चावून रक्त पिणारी, इंग्रजीत हॉर्सफ्लाय) आहे ना ते पक्कं करा. पुण्यात परसात कंपोस्टचं पिंप असलं की ब्लॅक सोल्जर फ्लाय असायचीच. ती काळी, सडपातळ, लांब शृंगिकांची (डोक्यावरच्या मिशांची), पोटाच्या सुरुवातीला दोन अर्धपारदर्शक खिडक्या आणि पायांची टोकं पांढरी. ती चावत नाही, आणि तिच्या अळ्या तुमचा कचरा फुकटात खातात, तेव्हा तिला मारू नका. गोठ्याजवळ घरमाशीएवढी, पण तोंडातून सुईसारखी सोंड पुढे आलेली दिसली तर ती तबेलामाशी. कुत्र्याच्या केसांत खेकड्यासारखी आडवी पळणारी चपटी माशी तिसरीच. गोमाशीचं डोकं रुंद असतं आणि जवळजवळ डोळ्यांनीच भरलेलं असतं. अंग जाड, त्यावर घरमाशीसारखे ताठ राठ केस नाहीत. पंखाच्या टोकाशी एका शिरेला दोन फाटे फुटतात आणि पंखाचं टोक बरोबर त्या फाट्यांच्या मध्ये सापडतं. बाकीच्या खुणांसोबत ही शेवटची खूणही फोटोत नेमकी टिपता आली तर कुळाबद्दल फारशी शंका उरत नाही.

या कुळाच्या जगभरात चार हजारांहून जास्त जाती आहेत. परसात काम भागवायला तीन गट ओळखता आले तरी पुष्कळ. टॅबॅनस मोठी, साधारण १२ ते २० मिमी, पंख बहुधा स्वच्छ. हिमॅटोपोटा लहान आणि करडी, पंखांवर राखाडी ठिपक्यांची नक्षी, बसताना पंख कौलारू छपरासारखे अंगावर उतरते ठेवते. क्रायसॉप्सच्या पंखांवर गडद आडवा पट्टा असतो, ती पंख अर्धवट पसरून बसते आणि तिच्या शृंगिका लांब असतात. नर-मादी ओळखणं त्याहून सोपं. दोन डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असले तर नर, मध्ये उभी पट्टी असली तर मादी. रक्त फक्त मादी पिते. नर फुलांतल्या मधावर जगतो, आणि उडायला लागणारी साखर मादीही तिथूनच घेते.

आता मूळ मुद्दा. त्या डोळ्यातला हिरवा, तांबूस, जांभळा हा रंगद्रव्याचा रंग नाही. डोळा हजारो इवल्या भिंगांचा बनलेला असतो आणि प्रत्येक भिंगाच्या बाहेरच्या आवरणात अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात. त्या थरांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, काही रंग वाढतात, काही मावळतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात त्यातलाच हा प्रकार. म्हणजे डोळ्याचा जो भाग प्रकाशाचा उगम तुमच्या लेन्सकडे परावर्तित करतो तेवढाच रंगीत दिसतो, बाकीचा काळा. कॅमेऱ्यावरचा उघडा फ्लॅश माशीच्या दृष्टीने एक छोटा ठिपका असतो, म्हणून फोटोतही ठिपकाच येतो, आणि तोही जळून पांढरा झालेला. रंगीत पट्टे पूर्ण दिसायला हवे असतील तर माशीच्या जागेवरून पाहताना प्रकाशाचा उगम अर्धं आकाश व्यापेल एवढा मोठा असला पाहिजे. फ्लॅशची ताकद वाढवून काही होत नाही, आकार वाढवावा लागतो.

यातून आणखी काही गोष्टी ओघाने येतात. श्रावणातलं ढगाळ आकाश हा तुम्हाला फुकट मिळालेला सर्वांत मोठा डिफ्यूजर, म्हणजे प्रकाश पसरवणारा पडदा, आहे; माशी उघड्या आकाशाखाली, पण थेट उन्हात नसलेल्या भिंतीवर बसली असेल तर फ्लॅशशिवायही डोळे सुरेख येतात. दुसरं, तुम्ही वाकलात की तुमचं डोकं आणि शर्ट त्या डोळ्यात प्रतिबिंबित होतात. काळा टी-शर्ट घातला तर डोळ्यात काळा डाग पडतो. पांढरा किंवा फिका शर्ट घाला. तिसरं, चकाकी काढायला लेन्स आणि फ्लॅश दोन्हींवर आडवे-उभे ध्रुवीकरण फिल्टर लावण्याची युक्ती इथे अंगाशी येते, कारण ज्या परावर्तनातून रंग येतो तेच परावर्तन हे फिल्टर कापतात. चौथं, तिरक्या कोनातून हेच रंग निळ्याकडे सरकतात, म्हणून ओळख पटवताना रंगावर विसंबू नका. पट्टे किती, सरळ की नागमोडी, की नुसते ठिपके, हे पाहा. माशी मेली आणि वाळली की पट्टे विझतात. ओल्या टिश्यूच्या डबीत काही तास ठेवल्यावर ते थोडेफार परततात, पण जिवंत डोळ्याची सर येत नाही.

फिक्या शर्टाचा दुसरा फायदा माशीच्या बाजूने आहे. गोमाशी गडद, उबदार, हलणाऱ्या वस्तूकडे जाते आणि तिला आडवा ध्रुवीकृत (ज्याच्या लहरी एकाच आडव्या दिशेत डोलतात असा) प्रकाश दिसतो. पाण्याचा पृष्ठभाग असाच प्रकाश परतवतो आणि तिला पाणी पिण्यासाठी, अंड्यांसाठी आणि तिथे येणाऱ्या जनावरांसाठी हवं असतं. चकचकीत काळं बॉनेटही तेच करतं, म्हणून ती बिचारी पत्र्यावर पुन्हा पुन्हा उतरते. पांढऱ्या घोड्यांना गोमाश्या कमी का छळतात हे याच दिशेने उलगडलं. हंगेरीच्या गाबोर होर्वाथ आणि सहकाऱ्यांना त्यासाठी २०१६चं इग्नोबेल मिळालं. पुरस्कार हसण्याचा असला तरी काम पक्कं आहे. नुकतीच धुतलेली काळीभोर म्हैस तिला लांबूनच का दिसते, हे यावरून कळेल.

हंगाम बेंदराच्या आसपास सुरू होतो असं धरा आणि भाद्रपदी पोळ्यानंतरही काही आठवडे चालतो. मे महिन्यातल्या वळवानंतर एखाद-दुसरी दिसली तर नवल नाही. वेळ उघडिपीची. पाऊस थांबून ऊन पडलं की पहिला अर्धा-पाऊण तास सर्वांत चांगला: पानाखाली दडलेल्या माश्या बाहेर येऊन भिंत, फरशी, कुंपणाचा खांब अशा तापणाऱ्या जागांवर अंग शेकत बसतात. जोराचा वारा असला तर घरातच थांबलेलं बरं. परदेशी पुस्तकांत पहाटे गारठलेल्या माशीचे फोटो काढा असा सल्ला असतो. पुण्यात जुलैच्या रात्री पारा २२-२३ अंशांच्या खाली फारसा उतरत नाही, त्यामुळे माशी गारठते कसली! हा सल्ला ऑक्टोबरच्या उत्तरार्धात थोडाफार चालतो, पण तोवर माश्याच ओसरलेल्या असतात.

माशी उडते ती तुमच्या आवाजाने नव्हे, हालचालीने आणि सावलीने. म्हणून पाठलाग सोडा. एक भिंत किंवा खांब निवडा जिथे ती पुन्हा पुन्हा येते, सूर्य तुमच्या बाजूला राहील असं बसा (पाठीशी असला तर सावली तिच्यावर पडते) आणि ती बसल्यावर कॅमेरा डोळ्याला लावूनच पुढे सरका. दीड मीटरवर पहिला फोटो घ्या, मग एकेक वीत. हात बाजूने आत आणणं ही सर्वांत मोठी चूक. कॅमेरा, डोकं आणि कोपरं एकाच आकाराने, समोरून, सावकाश यायला हवीत. ती पुढच्या पायांनी डोळे पुसायला लागली तर निर्धास्त आहे असं समजा आणि त्या वेळात पुढे जा. पाय अंगाखाली घेऊन अंग उचललं तर थांबा. रक्त पिऊन टम्म झालेली मादी जड होते, जवळच्या खोडावर किंवा भिंतीवर बराच वेळ बसून राहते. तिचं पोट फुगून वलयांमधली पातळ त्वचा दिसत असेल तर ही संधी सोडू नका.

आता साहित्य. तुमच्या ५५-२५०वर पुढून लावायचं रेनॉक्सचं क्लोजअप भिंग पुरेसं आहे. त्याची चिमट्याची पट्टी ५२ ते ६७ मिमी व्यासाच्या लेन्सवर बसते. दोन प्रकार मिळतात आणि इथेच बहुतेक जण चुकीचं घेतात. डीसीआर-२५० आठ डायॉप्टरचं (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप) आहे: २५० मिमीवर मोठेपणा, म्हणजे माशीच्या तुलनेत सेन्सरवरची प्रतिमा, २ पट, पण माशी भिंगापासून जेमतेम साडेबारा सेंटिमीटरवर असावी लागते. डीसीआर-१५० हे ४.८ डायॉप्टरचं: २५० मिमीवर १.२ पट आणि अंतर सुमारे २१ सेंटिमीटर. क्रॉप सेन्सर साधारण २३ मिमी रुंद असतो, म्हणजे १५ मिमीची माशी १.२ पटीला फ्रेमचा तीन चतुर्थांश भाग व्यापते. याहून जास्त हवंय कशाला? उडणाऱ्या जिवासाठी ते जादा आठ-नऊ सेंटिमीटर सोन्याच्या मोलाचे. २५० क्रमांकाचं भिंग फक्त डोळ्याच्या चेहरेपट्टीसाठी, अगदी स्थिर माशीवर. दोन्हींना लेन्स १५० मिमीच्या खाली आणली तर कोपरे काळवंडतात. आणि मोठेपणाचे हे आकडे लेन्स अनंतावर फोकस असतानाचे आहेत. ऑटोफोकस बंद करा, फोकस अनंताजवळ ठेवा आणि अंग पुढे-मागे डोलवून नेमकी जागा साधा.

लेन्सच्या छिद्राबद्दल (अॅपर्चर) गोंधळ होतो कारण मॅक्रो लेन्सवाले एफ/८ सांगतात आणि क्लोजअप भिंगवाले एफ/१६. दोघंही बरोबर आहेत. मॅक्रो लेन्स १:१ वर (सेन्सरवरची प्रतिमा माशीएवढीच) पुढे सरकते आणि तिचा एफ/८ प्रत्यक्षात एफ/१६ सारखा वागतो. क्लोजअप भिंगाने हा बदल होत नाही. तेव्हा रेनॉक्ससह थेट एफ/१६ लावा. स्पष्ट दिसणारी खोली तरीही १:१ वर जेमतेम ०.६ मिमी असते आणि २ पटीला ०.२ मिमीच्याही आत जाते. डोळ्याची गोलाई याच्या कितीतरी पट. म्हणून समोरून काढताना लेन्सच्या सर्वांत जवळचा डोळ्याचा पृष्ठभाग धरा, मागचा भाग विरघळू द्या. बाजूने काढताना सेन्सर माशीच्या अंगाला समांतर ठेवला तर डोळा, शृंगिका आणि पंखाची शीर तिन्ही एका पातळीत येतात. आयएसओ २००, शटर १/२००, फ्लॅश मॅन्युअलवर १/८ ते १/४. हायस्पीड सिंक बंद ठेवा: त्यात फ्लॅश लुकलुकत लांबतो, ताकद घटते आणि पंखाची थरथर गोठत नाही. रॉ फाइल घ्या, व्हाइट बॅलन्स फ्लॅशवर कायम ठेवा, नाहीतर एकाच माशीचा डोळा प्रत्येक फोटोत वेगळ्या हिरव्याचा येईल.

डिफ्यूजर विकत घेण्याची गरज नाही. अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानातून गेटवे पेपर (दुधी ट्रेसिंग कागद) आणा. पुठ्ठ्याचा निमुळता भोंगा करा, आतून स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल चिकटवा, मागचं तोंड फ्लॅशच्या डोक्यावर घट्ट बसेल एवढं आणि पुढचं सुमारे २० बाय २५ सेंटिमीटर. पुढच्या तोंडावर गेटवेचा एक थर, त्याच्या मागे ३-४ सेंटिमीटर आत दुसरा. एकच थर लावला की मध्ये प्रखर आणि कडेला अंधारा असा पट्टा राहतो आणि डोळ्यात तो जसाच्या तसा दिसतो. पुढचा कागद सपाट न ताणता छपरासारखा खाली वळवा, म्हणजे त्याची खालची कड भिंगाच्या पुढे येऊन माशीच्या डोक्यावर कमान होईल. कड भिंगाच्या मागे राहिली तर लेन्सच्या नळीची सावली फ्रेमच्या तळाशी पडते. खालून प्रकाश परतवायला भिंगाखाली पांढऱ्या थर्माकोलच्या ताटलीचा तुकडा लावला तर डोळ्याचा खालचा भाग आणि तोंडाचे अवयवही उजळतात. पावसाळी दमट हवेत गेटवे सुरकुततो. दर महिन्याला कागद बदला, खर्च नगण्य आहे.

मोबाइलवर चिमट्याची मॅक्रो भिंगं टाळा. त्यांना माशी दोन-तीन सेंटिमीटरवर लागते आणि ती तेवढं थांबत नाही. फोनमध्ये टेलिफोटो लेन्सने जवळचं काढायची सोय असेल तर तीच वापरा, ढगाळ प्रकाशात, बर्स्टवर. फोनचा एलईडी म्हणजे पुन्हा तोच ठिपका.

खोलीत शिरलेली माशी खिडकीच्या काचेवर डोकं आपटत राहते. तिच्यावर ग्लास पालथा घालून खालून पोस्टकार्ड सरकवलं की सापडते. मग अनेक जण ती फ्रिजमध्ये ठेवतात. ओळखीपुरते बारकावे हवे असतील तर खालच्या कप्प्यात ८-१० मिनिटं चालेल (फ्रीझरमध्ये मरते), पण त्याचे फोटो वर्तनाचे म्हणून दाखवू नयेत: पाय आखडलेले, पंख चुकीच्या कोनात. शिवाय पुण्याच्या पावसाळी हवेत गार माशी बाहेर काढताच तिच्यावर दव धरतं आणि डोळ्यांचे पट्टे पांढुरक्या थराखाली जातात. तिला डबीतच ठेवून डबी तीन-चार मिनिटं बाहेर ठेवा, दव डबीवर धरू दे, मग उघडा. त्यानंतर मिळतो एक-दीड मिनिट. काम झालं की सोडून द्या.

नराचा फोटो हवा असेल तर त्याच्यामागे पळून उपयोग नाही. नर सकाळी उंचावर, टेकडीमाथ्यावर किंवा वाटेच्या वर हवेत स्थिर तरंगतात आणि क्वचित खाली बसतात. खात्रीचा मार्ग अळीपासून वाढवण्याचा. मादी पाण्यावर झुकलेल्या पानांवर, पाणकणसाच्या पात्यावर वगैरे शेकडो अंड्यांचा एक गठ्ठा घालते. तो आधी पांढरा, काही तासांत गडद. त्यावर मुंगीहूनही लहान काळी गांधीलमाशी फिरत असेल तर ती त्या अंड्यांत आपली अंडी घालते आहे. तो वेगळा आणि देखणा विषय. अळी फिकी, दोन्ही टोकांना निमुळती, प्रत्येक वलयावर मांसल उंचवट्यांची माळ. ओढ्याकाठच्या चिखलात किंवा गोठ्याच्या सांडपाण्याच्या कडेला चाळणीने सापडते. टॅबॅनसची अळी शिकारी असते, बोटालाही चावते आणि एका डब्यात दोन ठेवल्या तर एकच उरते. म्हणून दर डब्यात एक, निम्मा डबा ओल्या चिखलाने भरलेला, झाकणाला सुईची भोकं, आठवड्यातून दोनदा गांडुळाचा तुकडा. वाढीला काही महिने, कधी वर्षही लागतं. कोशाआधी ती पृष्ठभागाजवळ येते. तेव्हा चिखल थोडा कोरडा करा आणि आत एक खडबडीत काडी उभी खोचा. कोशातून एक ते तीन आठवड्यांत बाहेर आलेली माशी त्या काडीवर चढून पंख वाळवते. त्या पहिल्या तासात डोळे कोरे करकरीत असतात आणि ती उडत नाही. नराच्या डोळ्याची वरची भिंगं खालच्यांपेक्षा मोठी असतात, ती सीमारेषा इथे स्वच्छ टिपता येते.

परसात मात्र पाणी साठवून माश्या बोलावू नका. घमेल्यात चिखल ठेवलाच तर पाण्याची पातळी चिखलाच्या खाली असू द्या. वर बोटभर पाणी राहिलं की आठवड्यात डास होतात, मग महापालिकेची नोटीस आणि शेजाऱ्यांचा रोष, दोन्ही न्याय्य.

गोठ्यात फोटो काढायचे असतील तर मालकाला विचारून, धारेची वेळ सोडून. जनावराच्या मागे उभं राहू नका आणि त्याच्या डोळ्यासमोर फ्लॅश उडवू नका. माश्या बहुधा पाय आणि पोटावर बसतात, म्हणजे तुम्हाला बाजूने खाली बसावं लागेल आणि लाथेचा आवाका लक्षात ठेवावा लागेल. मादीचे जबडे पात्यासारखे असतात: ती कातडं चिरते, साचलेलं रक्त स्पंजासारख्या ओठांनी टिपते. हे दुखतं, म्हणून म्हैस शेपटी मारते, माशी अर्धवट पोटाने उठते आणि शेजारच्या म्हशीवर बसते. तोंडाला लागलेल्या त्या ताज्या रक्तातूनच सर्रा रोगाचे सूक्ष्मजीव एका जनावरातून दुसऱ्यात जातात. ते ग्रिफिथ इव्हान्स यांना १८८०मध्ये डेरा इस्माइल खान इथे घोड्या-उंटांच्या रक्तात दिसले होते. तेव्हा मालकाने कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला तर फोटोसाठी तो विझवायला सांगू नका. तुम्हाला चावली तर साबणाने धुवा, बर्फ लावा, खाजवू नका. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास जड झाला तर लगेच दवाखाना गाठा.

ओळख पटवण्यासाठी एका माशीचे चार फोटो लागतात: समोरून चेहरा, म्हणजे डोळ्यांमधली पट्टी आणि तिच्यावरचे चकचकीत उंचवटे दिसतील, बाजूने शृंगिका, वरून पोटावरची नक्षी, आणि एक पंख पूर्ण. टॅबॅनसच्या शृंगिकेच्या तिसऱ्या खंडावर वरच्या बाजूला दातासारखं टोक असतं, ते दिसलं पाहिजे. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून एक फोटो घ्या, तारीख, वेळ, जागा आणि ती कशावर बसली होती ते लिहा आणि आयनॅचरलिस्टवर (जीवांच्या नोंदींचं संकेतस्थळ) चारही एकाच नोंदीत टाका. अनेक जाती फोटोवरून सुटत नाहीत, नोंद प्रजातीपाशी (जीनस, म्हणजे टॅबॅनससारखा गट) किंवा कुळापाशी थांबली तर ती चुकीची ठरत नाही. आपणहून मेलेली माशी मिळाली तर ती वाळवून, कापसाच्या घडीवर, चिठ्ठीसह डबीत ठेवा. आकुर्डीला भारतीय प्राणिसर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आणि तिथल्या तज्ज्ञाला विचारायची वेळ आली तर फोटोपेक्षा अशा नमुन्यावरून उत्तर देणं सोपं जातं.